माहितीस्तव सविनय सादर

शाळेत येणाऱ्या कुठल्याही सरकारी पत्राच्या तळाशी पाहा. तिथे 'प्रत' असा शब्द असतो आणि त्याखाली दोन प्रकारचे लोक असतात. काहींच्या नावाखाली 'माहितीस्तव सविनय सादर' असं असतं, काहींच्या नावाखाली 'माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव'. पहिल्याने पत्र वाचायचं आणि फाइलला लावायचं. दुसऱ्याने कामाला लागायचं. नोकरीत चार वर्षं काढलेला कारकून पत्र न वाचताही आधी खालची ही ओळ बघतो, आणि त्यात त्याचा आळस नसतो. आपल्याला काय करायचं आहे, हे तो आधी ठरवून घेत असतो.

संगणकाच्या जगातही हीच विभागणी आहे. मोबाइलमधलं कुठलंही ॲप चालू असतं तेव्हा ते पडद्याआड सतत काहीतरी लिहीत असतं. अमुक वाजता सुरू झालो, अमुक फाइल उघडली, सर्व्हरला निरोप पाठवला, उत्तर आलं. या नोंदवहीला 'लॉग' म्हणतात. त्यातल्या प्रत्येक ओळीवर दर्जाचा शिक्का असतो. 'एरर' म्हणजे बिघाड, 'वॉर्निंग' म्हणजे धोक्याची सूचना, आणि 'इन्फो' म्हणजे नुसती माहिती. पडद्यावर वर्तुळातलं छोटंसं 'आय' अक्षर दिसतं, ते याच घराण्यातलं. 'इन्फो'चा शिक्का म्हणजे लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याला दिलेलं एक वचन असतं: हे तुमच्या कानावर घालतो आहे, पण तुम्हाला आत्ता काही करायचं नाही. हे वचन कुठून आलं आणि ते खोटं निघालं तेव्हा काय काय झालं, याचा हा थोडका इतिहास.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे आधी शब्दांविषयी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. अरबीतला 'इशारा' उर्दूत आला तो खूण, संकेत या अर्थाने. मराठीतही आपण 'डोळ्यांनी इशारा केला' म्हणतो. पण हवामान खात्याने 'इशारा' दिला की अर्थ बदलतो. तिथे तो धोका असतो. शब्द तोच, दर्जा मात्र दोन पायऱ्या वर चढलेला. 'खबरदार' याहून मजेचा. फारसीच्या घडणीप्रमाणे त्याचा अर्थ 'ज्याच्यापाशी खबर आहे तो', म्हणजे जाणता माणूस. आज तो दोन्ही भाषांत दम भरायला वापरतात. पावसाळ्यात आणखी एक गंमत दरवर्षी चालते. हवामान खात्याच्या रंगांत पिवळा म्हणजे लक्ष असू द्या, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. बातम्यांत मात्र तिन्हींचं नाव एकच: यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट, रेड अलर्ट. तिन्हींना अलर्ट म्हटल्यावर रंगाकडे कोण बघतो?

'लॉग' म्हणजे लाकडाचा ओंडका. शिडाच्या जहाजांवर वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात सोडत, आणि वाळूचं छोटं घड्याळ रिकामं होईपर्यंत दोरीवरच्या किती गाठी हातातून सरकल्या ते मोजत. जहाजाचा वेग आजही 'नॉट'मध्ये, म्हणजे गाठींत सांगतात तो त्यामुळेच. हे आकडे ज्या वहीत उतरवत ती लॉगबुक. वाऱ्याची दिशा, वेग, हवा, दिवसामागून दिवस तेच. यातली एकही ओळ वाचून कुणी दचकत नसे. पण जहाज खडकावर आदळलं की चौकशीला बसणारे लोक याच कंटाळवाण्या ओळी मागत.

आपल्याकडे हे काम वाकिआनवीस करत. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त त्याची पद्धत दिली आहे. बादशाहाने चौदा लेखनिक नेमले होते. रोज दोघांची पाळी असे. दरबारात काय घडलं, कोणते हुकूम निघाले, कुणाला काय मिळालं, हे ते लिहीत. लिहिलेलं तपासलं जाई, बादशाहासमोर ठेवलं जाई आणि मगच पक्कं होई. पुढे सुभ्यांतही वाकिआनवीस नेमले गेले, आणि तो स्थानिक अधिकाऱ्याशी संगनमत करेल या भीतीने त्याच्यावर नजर ठेवायला सवानिहनिगार आले, गुपचूप लिहिणारे खुफियानवीस आले. महाराष्ट्रात हाच शब्द 'वाकनीस' झाला. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत दत्ताजी त्रिंबक हे वाकनीस होते. राज्याभिषेकानंतर त्या पदाला 'मंत्री' हे संस्कृत नाव मिळालं. वाकनीस हे आडनाव आजही आहे.

राजपूत राजांचे वकील मोगल दरबारातून आपल्या राजाला रोजच्या घडामोडींचे कागद पाठवत. त्यांना 'अखबारात' म्हणतात. जयपूर दरबाराचा मोठा साठा आज बिकानेरच्या अभिलेखागारात आहे. अमक्याला खिलत मिळाली, तमक्याचा अर्ज वाचला गेला, असल्या ओळी पानोपानी. त्या काळी वाचणाऱ्याला यातल्या बहुतेक ओळींवर काही करायचं नव्हतं. जदुनाथ सरकारांसारख्या इतिहासकारांनी मात्र याच ओळींवरून औरंगजेबाचा काळ तारीखवार उभा केला. माहितीच्या ओळीचा खरा वाचक पुष्कळदा नंतर येतो, हे इथे ध्यानात ठेवू या.

आता संगणक. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये सिस्टिम ३६० नावाची संगणकांची मालिका जाहीर केली. या यंत्रांसमोर एक माणूस बसायचा, ऑपरेटर. यंत्र त्याच्याशी टाइपरायटरसारख्या कन्सोलवर बोलायचं. यंत्राच्या प्रत्येक निरोपाला एक सांकेतिक क्रमांक असे आणि त्याच्या शेवटी एक अक्षर. 'आय' म्हणजे माहिती, 'ए' म्हणजे लगेच काहीतरी करा, 'डी' म्हणजे पर्यायांतून निर्णय घ्या, 'ई' म्हणजे सवडीने पण करावं लागेल. त्या घराण्याच्या आजच्या मोठ्या यंत्रांवरही एखाद्या कामाचा टप्पा पार पडला की 'आयईएफ १४२ आय' असा निरोप उमटतो. शेवटचा 'आय' बघितला की ऑपरेटर चहाचा घोट घ्यायला मोकळा.

मला या पद्धतीचं फार कौतुक वाटतं. हे अक्षर यंत्राला किती दुखतंय ते सांगत नाही. समोरच्या माणसाने काय करायचं ते सांगतं. आपल्या सरकारी पत्राच्या 'माहितीस्तव' आणि 'कार्यवाहीस्तव'सारखंच.

बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून युनिक्स घडत गेलं, तिथे उलटा स्वभाव होता. त्या मंडळींपुढे टेलिटाइप यंत्रं होती. त्यांतलं एक प्रसिद्ध मॉडेल सेकंदाला दहा अक्षरं कागदावर छापायचं. एवढ्या सावकाश यंत्रावर उगाच बडबड कोण ऐकणार? म्हणून फाइलची नक्कल करा म्हटलं आणि ती नीट झाली, तर युनिक्स काहीच बोलत नाही. त्यांच्या 'एड' या लेखन-प्रोग्रॅमला तुमचं म्हणणं कळलं नाही तर तो नुसतं एक प्रश्नचिन्ह छापायचा. घरातल्या जुन्या बुजुर्गांसारखं: ओरडले नाहीत म्हणजे खूश आहेत, असं समजायचं.

मग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीच्या विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी 'सेंडमेल' हा ईमेल पोचवणारा प्रोग्रॅम लिहिताना त्याच्या नोंदींसाठी 'सिसलॉग' तयार केला. तो इतका सोयीचा होता की इतर प्रोग्रॅमही त्यात लिहू लागले. त्याच्या आठ पातळ्या आहेत, शून्य ते सात. शून्य म्हणजे यंत्र बंद पडल्यातच जमा. मग अलर्ट, क्रिटिकल, एरर, वॉर्निंग, नोटिस. सहाव्या क्रमांकावर 'इन्फर्मेशनल', आणि सातव्यावर दुरुस्ती करणाऱ्यांपुरती 'डीबग'. २००१ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये ही पद्धत इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत लिहिली गेली. आज जगभरचे सर्व्हर, राउटर ही उतरंड वापरतात.

इथे एक बदल चुपचाप झाला. आयबीएमचं अक्षर ऑपरेटरला उद्देशून होतं. सिसलॉगच्या आठांपैकी 'अलर्ट' या एकाच पातळीच्या व्याख्येत ताबडतोब कृती करा असं येतं. बाकीच्या यंत्राची तब्येत सांगतात. ओळ लिहिणारा प्रोग्रॅमर एकीकडे, ती वाचणारा कुठे, कधी, कोण, याचा पत्ता नाही. प्रोग्रॅमर मात्र 'ही सहा नंबरची आहे' असं ठरवून मोकळा होतो. म्हणजे वचन देणारा आहे, पण कुणाला दिलं ते त्याला ठाऊक नाही.

यातून काय होऊ शकतं ते अमेरिकेत २८ मार्च १९७९ च्या पहाटे दिसलं. पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या संचात पाण्याचे पंप थांबले. दाब वाढला, दाब सोडणारी एक झडप उघडली आणि ती पुन्हा मिटायला हवी होती. ती अडकून उघडीच राहिली. नियंत्रण कक्षातल्या फलकावर त्या झडपेचा दिवा होता. तो विझला. ऑपरेटरांनी मानलं की झडप मिटली.

पण तो दिवा झडपेकडे पाहतच नव्हता. झडपेला दिलेला विजेचा आदेश चालू आहे की बंद, एवढंच तो दाखवत होता. 'मिट' असा हुकूम गेला, दिवा विझला. हुकूम पाळला गेला की नाही, ते दाखवायला त्या फलकावर थेट काहीच नव्हतं. सव्वादोन तासांहून अधिक काळ अणुभट्टीला थंड ठेवणारं पाणी त्या झडपेतून वाहून गेलं आणि भट्टीचा गाभा काही अंशी वितळला. त्याच वेळी पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून जास्त धोक्याचे गजर एकदम वाजत आणि लुकलुकत होते, आणि बिनमहत्त्वाचे बाजूला सारायची सोय नव्हती. संगणकाचा छपाई यंत्राला जोडलेला लॉगही होता. निरोपांचा असा पूर आला की छपाई घटनांच्या मागे पडली, पुढे तर ती दोन तासांहून जास्त मागे होती. आत्ताचं संकट ज्या कागदावर कळायचं, तो कागद सकाळपासूनच्या जुन्या बातम्या छापत बसला होता.

वाकिआनवीसाने फर्मान निघालं एवढंच लिहावं आणि वाचणाऱ्याने किल्ला फत्ते झाला असं समजावं, तसा हा प्रकार. हुकूम आणि हकीकत यांत फरक असतो, हे अखबारातांच्या वाचकाला कळत होतं. कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाचा कागद येई.

दुसरी घटना छोटी आहे, एका खोलीत घडलेली, पण ती मला जास्त छळते. कॅनडाच्या एईसीएल या सरकारी कंपनीने कॅन्सरवर किरणांचा उपचार करणारं 'थेरॅक-२५' हे यंत्र बनवलं होतं. आधीच्या यंत्रांत सुरक्षेसाठी लोखंडी आणि विजेच्या अडसरांची व्यवस्था असे; यात बरंचसं काम सॉफ्टवेअरवर सोपवलं होतं. जून १९८५ ते जानेवारी १९८७ दरम्यान या यंत्रांनी अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना ठरल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त किरण दिले. त्यांतले काही दगावले.

टेक्सासमधल्या टायलर गावच्या रुग्णालयात २१ मार्च १९८६ ला एका माणसाच्या पाठीवर उपचार चालू होता. आधी बऱ्याचदा झालेला, सरावाचा उपचार. यंत्र चालवणाऱ्या बाई अनुभवी होत्या. किरणांचा प्रकार टाइप करताना 'ई'ऐवजी 'एक्स' पडलं, ते त्यांनी झटकन मागे जाऊन दुरुस्त केलं आणि पुढे सरकल्या. हात सरावाचा, त्यामुळे दुरुस्ती काही सेकंदांत झाली. सॉफ्टवेअरमध्ये एक दोष असा होता की इतक्या घाईची दुरुस्ती यंत्राच्या एका भागाला कळायची आणि दुसऱ्याला नाही. यंत्र थांबलं. पडद्यावर आलं: 'मालफंक्शन ५४'. सोबत 'ट्रीटमेंट पॉज'.

यंत्राकडे थांबण्याच्या दोन तऱ्हा होत्या. 'सस्पेंड' म्हणजे गंभीर. सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागे. 'पॉज' म्हणजे किरकोळ. 'पी' हे एक बटण दाबलं की काम पुढे चालू. म्हणजे यंत्रानेच दर्जा ठरवून सांगितलं होतं की ही बाब हलकी आहे. ५४ चा अर्थ काय, ते चालवणाऱ्यांच्या पुस्तिकेत नव्हतं. यंत्राला लावलेल्या कागदावर 'डोस इनपुट २' एवढाच उलगडा होता, आणि त्याने कुणाचाच उलगडा होत नव्हता. पडद्यावरच्या आकड्यांप्रमाणे रुग्णाला ठरल्यापेक्षा फारच कमी डोस मिळाला होता. असे लहानसहान थांबे त्या यंत्रावर वरचेवर येत आणि त्यातून कधी काही बिघडलेलं दिसत नसे. बाईंनी 'पी' दाबलं.

आत रुग्णाला विजेचा झटका बसल्यासारखं झालं होतं. तो उठू पाहत असतानाच दुसरा बसला. त्या दिवशी खोलीतला व्हिडिओ बंद होता आणि आवाज ऐकण्याची सोय बिघडलेली होती. म्हणजे आतल्या माणसाची खबर बाहेर येण्याचा एकच मार्ग उरला होता: तो पडदा. आणि पडदा 'कमी डोस, किरकोळ थांबा' म्हणत होता. नंतर अंदाज निघाला की १८० रॅडऐवजी त्याच्या शरीराच्या एका लहान भागावर १६,५०० ते २५,००० रॅड पडले. पाच महिन्यांनी तो वारला. कंपनीच्या लोकांना तपासणीत दोष सापडला नाही, यंत्र पुन्हा सुरू झालं, आणि ११ एप्रिलला त्याच रुग्णालयात, त्याच बाईंच्या हाताखाली, पडद्यावर पुन्हा ५४ आलं. तो रुग्ण महिन्याच्या आत गेला.

त्यानंतर रुग्णालयाचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर आणि त्या ऑपरेटर बाई यंत्रासमोर बसले. तीच अक्षरं, तीच दुरुस्ती, पुन्हा पुन्हा, हात वेगाने चालवत. शेवटी त्यांना ५४ हवं तेव्हा आणता आलं. ज्या घाईमुळे दोष उमटत होता ती घाई कंपनीच्या लोकांच्या हातात नव्हती. रोज यंत्र चालवणाऱ्या बाईंच्या बोटांत होती. या प्रकरणात 'ऑपरेटरने बटण दाबलं' असं एक वाक्य सहज लिहिलं जातं. मला ते पटत नाही. बाईंनी यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि तो शब्द असा होता की काळजीचं कारण नाही.

पैशाच्या जगातलं उदाहरण थोडक्यात सांगते. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात मोठी उलाढाल करणाऱ्या नाइट कॅपिटल या कंपनीने १ ऑगस्ट २०१२ च्या आधी आपल्या आठ सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम बसवला. बसला सातांवर; आठव्यावर 'पॉवर पेग' नावाचं अडगळीतलं जुनं सॉफ्टवेअर तसंच राहिलं. त्या सकाळी आठ वाजून गेल्यापासून कंपनीची यंत्रणा आपणहून ईमेल पाठवत होती. त्यात दोषाचा उल्लेख होता: 'पॉवर पेग डिसेबल्ड'. साडेनऊला बाजार उघडेपर्यंत अशी ९७ पत्रं कंपनीतल्या एका गटाला गेली. अमेरिकेच्या बाजार नियामकाने पुढे नोंदवलं की ही पत्रं इशारा म्हणून बनवलेलीच नव्हती आणि आल्या आल्या ती वाचायची तिथे पद्धत नव्हती. बाजार उघडला आणि आठव्या सर्व्हरने ४५ मिनिटांत चाळीस लाखांहून अधिक सौदे करून टाकले. तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. पुढच्या वर्षी १ कोटी २० लाख डॉलरचा दंडही झाला, पण तोवर कंपनीची स्वतंत्र ओळख संपली होती.

९७ पत्रं, सगळी माहितीस्तव. एकावर जरी 'कार्यवाहीस्तव' असतं तरी कदाचित कुणीतरी वाचलं असतं. कदाचितच म्हणते, कारण ९७ एकसारखी पत्रं येतात तेव्हा शिक्क्याकडेही लक्ष जात नाही. आपल्या शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हे रोज घडतं. शुभ सकाळ, ईद मुबारक, वाढदिवस आणि त्यांच्यामध्येच 'आज चारपर्यंत पटसंख्या भरा'.

उलट घडल्याचंही एक उदाहरण आहे, आणि ते सगळ्यांत गाजलेलं आहे. २० जुलै १९६९. अपोलो ११ चं यान चंद्रावर उतरत असताना संगणकाने १२०२ हा गजर दिला. मग पुन्हा तोच, पुढे १२०१ही. अंतराळवीरांना त्याचा अर्थ लगेच सांगता येईना. माघारी फिरायचं की उतरायचं, हे सेकंदांत ठरवायचं होतं. ह्यूस्टनमध्ये त्या जागेवर २६ वर्षांचे स्टीव्ह बेल्स बसले होते, आणि त्यांना मागच्या खोलीतून सल्ला देत होते २४ वर्षांचे जॅक गार्मन. गार्मन म्हणाले, गजर सतत येत नसेल तर पुढे जा. बेल्सनी 'गो' म्हटलं.

ही हिंमत आकाशातून पडलेली नव्हती. थोडेच दिवस आधी सरावात असाच एक गजर दिला गेला होता आणि बेल्सनी उतरणं रद्द करायला सांगितलं होतं. नंतर कळलं की रद्द करायची गरज नव्हती. तेव्हा उड्डाण संचालक जीन क्रान्झ यांनी प्रत्येक गजराचा अर्थ काढायला लावला. गार्मननी हाताने यादी लिहिली: कोणता क्रमांक, त्याचा अर्थ, आणि तो आला तर काय करायचं. १२०२ चा अर्थ होता की संगणकावर कामांचा बोजा झाला आहे, तो कमी महत्त्वाची कामं टाकून देतो आहे आणि महत्त्वाची चालूच ठेवतो आहे. आवाज धोक्याचा, मजकूर मात्र जवळपास 'आय' शिक्क्याचा. हे गजर वाजल्यावर शोधून काढता आलं नसतं. ते आधीच कागदावर होतं.

ही यादी मला का आठवते ते सांगते. आमच्या शाळेत बहुतेक मुलं पहिल्या पिढीत शिकणारी आहेत. वडील कुणी रिक्षा चालवतात, कुणी गॅरेजात, कुणी हातगाडीवर. शिष्यवृत्तीचे अर्ज आता ऑनलाइन भरावे लागतात. एका पोर्टलवर पहिलं पान भरून झालं की हिरवी बरोबरची खूण येते आणि इंग्रजीत ओळ उमटते की तुमची माहिती यशस्वीपणे सेव्ह झाली आहे. त्यापुढे कागदपत्रं जोडायची पानं असतात, आणि सगळ्यांत शेवटी 'फायनल सबमिट'. ते दाबल्याशिवाय अर्ज शाळेकडे पडताळणीला येतच नाही.

आठवीतल्या एका मुलीच्या अब्बांनी नेट कॅफेत बसून अर्ज भरला. हिरवी खूण बघितली, कॅफेवाल्याला पैसे दिले, घरी गेले. शेवटच्या तारखेनंतर ते शाळेत आले. मी पडताळणीची यादी उघडून दाखवली. त्यात मुलीचं नाव नव्हतं. ते मला पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते, "मॅडम, हरा टिक आया था ना." त्यांनी मोबाइलवर त्या पडद्याचा फोटोही काढून ठेवला होता. खूण खरी होती. माहिती खरोखरच सेव्ह झाली होती. ती ओळ खोटं बोलत नव्हती, जसा थ्री माइल आयलंडचा दिवाही खोटं बोलत नव्हता. त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली. ज्या घरात वह्यांचा खर्चही जूनमध्ये उधारीवर होतो, तिथे ही रक्कम छोटी नसते.

त्यानंतर आम्ही संगणक कक्षाच्या भिंतीवर एक तक्ता लावला. तीन रकाने. पहिल्यात पडद्यावर येणारी इंग्रजी ओळ जशीच्या तशी. दुसऱ्यात तिचा अर्थ, मराठीत आणि उर्दूत. तिसऱ्यात काय करायचं. दुसऱ्या रकान्यावरून आमच्यात बराच वाद झाला. उर्दूत काम सोपं होतं: नुसतं कळवणं म्हणजे 'इत्तिला', करायला सांगणं म्हणजे 'हिदायत', धोक्याची जाणीव म्हणजे 'तंबीह'. तीन वेगळे शब्द, तीन दर्जे. मराठीत आपण 'सूचना' या एकाच शब्दावर सगळं भागवतो. सूचना फलकावर सूचना, परीक्षेतल्या सूचना, मोबाइलवर वाजणारी ती पण सूचनाच. एक सहकारी म्हणाले, लोकांच्या ओळखीचा शब्द आहे, राहू द्या. मी हट्टाने 'माहिती' आणि 'सूचना' वेगवेगळे ठेवायला लावले, आणि जिथे खरोखर घात होऊ शकतो तिथे लाल शाईने 'खबरदार'. तो शब्द दोन्ही भाषांच्या पालकांना न समजावता कळतो.

'सेव्ह'च्या ओळीपुढे आता लिहिलं आहे: अर्ज अजून गेलेला नाही, पुढचं पान उघडा. 'सबमिट' झाल्याच्या ओळीपुढे: अर्जाचा क्रमांक वहीत लिहा, छापील प्रत घेऊन वर्गशिक्षकांकडे या. तक्त्यात सध्या सतरा ओळी आहेत. पोर्टलने त्यातल्या बहुतेकांना ते हिरवं किंवा निळं, शांत रंगाचं चिन्ह दिलेलं आहे. त्या सतरांपैकी फक्त चार ओळींपुढे आम्हाला तिसऱ्या रकान्यात 'काही करायचं नाही' असं लिहिता आलं.